हौशीचा पाय

जव्हार
१४ सप्टेंबर २००३

प्रिय हौशी,

तुझी आई गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. तुझ्या आईच्या गावचा, वांगणीचा, एक माणूस शायस्ताच्या अब्बांकडे स्टोव्ह दुरुस्तीला घेऊन आला होता, त्याच्या तोंडून. तू एक ओळ टाकली नाहीस. टाकली असतीस तरी मी आले नसते, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. वांगणीचा तो रस्ता माझ्या कंबरेने सोसला नसता. शाळेत असताना तुझी आई हॉस्टेलवर नागलीच्या भाकरी घेऊन यायची आणि तुझ्या वाटणीची अर्धी मी खायचे. त्या बाईला शेवटचं बघायला मला जाता आलं नाही. लाज वाटते.

आता कंबरेचं नवं ऐक. माझ्या शायस्ताला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. पण भिवंडीच्या विहीणबाई म्हणतात, "तुम्हाला स्वतःला बादली उचलत नाही, बाळंतिणीचं काय करणार? आम्हीच करू इथे." बोलणं गोड, टोचणं आतून. डिसेंबरात सतवासा आहे, सातव्या महिन्याची गोद भरायची. विहीणबाई त्यासाठी जव्हारला येणार. मी खाली बसून मुलीची गोद भरली आणि धडपणे उठले, तर मुलगी ठेवून जाणार. नाही जमलं तर बरोबर परत नेणार. तसं त्यांनी तोंडाने सांगितलंय.

म्हणून बाजारामागच्या दवाखान्यात गेले. कंबरेचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, हाडं ठीक आहेत, दर गुरुवारी नाशिकहून एक मॅडम येतात, त्यांच्याशी सहा वेळा बोला. मी विचारलं, त्या कशाच्या डॉक्टर? म्हणाला, मनाच्या. मी तिथून उठले ती थेट घरी. चार वर्षं मी भिंत धरून चालते आणि हा म्हणतो मनाचं! उद्या म्हणेल, खैरुनबी, तुमचे दातही मनातच दुखतात.

मला तुझ्याशिवाय औषध नाही. तू पायाळू, पायांकडून जन्माला आलेली. तुझा पाय पाठीवर तीनदा लागला की पंधरा दिवस मी माणसात असते. दुःखातून थोडी सुटलीस की ये.

तुझी
खैरुन


खोडाळा
२६ सप्टेंबर २००३

प्रिय खैरुन,

पत्र मिळालं.

आई गेली तेव्हा मी जवळ होते. बायका रडल्या. मी चुलीवर भात ठेवला, कारण इतक्या माणसांना कोणीतरी जेवायला घालायला हवं होतं. आता वांगणीत म्हणतात, हौशी मनाची घट्ट आहे. घट्ट कसली! काही वाटतच नाही. सकाळी अंगणवाडी उघडते, मुलांची वजनं घेते, सुकडी वाटते, कुलूप लावते. जेवण गोड लागत नाही, कडूही लागत नाही. आईचं लुगडं मी घडी करून ठेवलं, तेव्हाही कोणा परक्या बाईचं लुगडं आहे असंच वाटलं. हे मी फक्त तुला लिहिते. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर भगताकडे नेतील.

डॉक्टरवर रागावू नकोस. तो तुला खोटी म्हणाला नाही, बोल एवढंच म्हणाला. तुला बोल म्हणून सांगावं लागतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. शाळेत गुरुजी तुला गप्प बस म्हणून थकले. त्या मॅडमकडे जा. सहा गुरुवार गेले तर गेले. शायस्ता तुझ्याकडे यायला हवी.

आईचे दिवस अजून करायचे आहेत, आमच्या रीतीप्रमाणे कापणीनंतर. भात कापून झाला की वांगणीला जाईन आणि येताना तुझ्याकडे उतरून पाय लावीन.

हौशी


जव्हार
३० ऑक्टोबर २००३

प्रिय हौशी,

रमजान सुरू झालाय आणि ईदच्या शिवायच्या कपड्यांचा ढीग माझ्यापेक्षा उंच आहे, तरी लिहायला बसले. तुझं ऐकलं. तीन गुरुवार झाले.

दिपिका नाव आहे तिचं. पोरगी आहे अगं, शायस्ताहून थोडी मोठी. मी जाऊन बसले आणि आधीच सांगून टाकलं, "मी नाटक करत नाही." ती म्हणाली, "मीही तसं म्हणत नाही. दुखणं खरं आहे." मग विचारलं, "दुखत नसतं तर काय केलं असतंत?" माझ्या तोंडून निघून गेलं, सजदा. चार वर्षं मी खुर्चीवर बसून नमाज पढते. जमिनीला कपाळ लागलेलं नाही. आजवर हे मला कोणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारतात, कुठे दुखतं.

दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "दुखतंय म्हणजे मोडतंय, असं नाही." म्हणे चार वर्षांपूर्वी कापडाचा गठ्ठा उचलताना पाठ एकदा दुखावली, ती कधीच भरली. भीती राहिली. वाकायच्या आधी मी श्वास धरते, दात आवळते, भिंत शोधते. त्याने पाठ आणखी आखडते आणि आणखी दुखते. तिने माझ्यासमोर दोऱ्याचा रीळ जमिनीवर टाकला आणि म्हणाली, "उचला." हौशी, माझ्या मशीनखाली चार वर्षांचे रीळ पडलेत. पडला की मी नवा लावते. उचलला. दुखलं. पण मोडलं नाही.

आता एकेक आधार सोडायचा म्हणते. कंबरेचा पट्टा सोडला. गादीखालची फळी काढली. खुर्ची मी रमजानच्या पहिल्या दिवशी सोडली. कपाळ टेकलं आणि मला वाटलं होतं खूप काहीतरी होईल. काही झालं नाही. चटईचा वास आला, एवढंच. पण टेकलं.

आता शेवटचं काम. भरलेला हंडा उचलायचा आणि आधार न घेता जमिनीवरून उठायचं. इथे माझी पुरती गाळण उडते. एक गोष्ट मी दिपिकाला सांगितलेली नाही. तुझा पाय. सांगितलं तर तीही सोड म्हणेल. बाकी सगळं सोडते, पण ते नाही. सहाव्या गुरुवारआधी ये आणि एकदा पाय लाव. मग मी हंडाही उचलीन आणि विहीणबाईंनाही.

खैरुन


खोडाळा
१० नोव्हेंबर २००३

प्रिय खैरुन,

पत्र मिळालं. एवढ्यात यायला जमणार नाही. पोलिओचे डोस आहेत, शिवाय दिवाळीनंतर निम्मी घरं वीटभट्टीला गेली. कोणती मुलं गेली आणि कोणती राहिली, ते बघायचं आहे. आईचे दिवस झाले.

तुझी मॅडम सांगते तसं कर. माझी वाट बघू नकोस.

हौशी


खोडाळा
१० नोव्हेंबर २००३

माननीय दिपिका मॅडम यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी खोडाळ्याची अंगणवाडी सेविका. जव्हारला तुमच्याकडे येणाऱ्या खैरुनबी माझ्या शाळेपासूनच्या मैत्रीण. त्यांनी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली आहे. ती मी सांगते, कारण मला दुसरं कोणी विचारायला नाही.

मी पायाळू आहे असं माझी आई सांगायची. आमच्याकडे कोणाच्या पाठीत लचक भरली की पायाळूचा पाय लावतात. मी लहान असल्यापासून लोक माझ्याकडे येतात. भाऱ्याने पाठ धरली, मोळी उचलताना कळ आली, की येऊन माझ्या दारात पालथे पडतात. मी डावा पाय तीनदा टेकवते. उठतात आणि जातात. खैरुनच्या पाठीवरही चार वर्षं माझा पाय आहे. पायाळूवर वीज पडते म्हणून आकाश गडगडलं की आई मला घरात कोंडायची. मुलं बाहेर नाचायची, मी कणगीमागे.

गेल्या आठवड्यात वांगणीला आईचे दिवस झाले. काळी नावाची म्हातारी सुईण आहे, तिच्याच हातावर माझा जन्म झाला. जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आता तुझी आई नाय, तं सांगतंय. तू डोक्यानं आलीस पोरी. सरळ आलीस. तुझे मागून पोऱ्या आला, तो पायानं आला. दिस मावळाचे आत गेला तो. तुझे आईला पोऱ्या सोडवं ना. मंग त्याचं पाय तिनं तुला दिलं. मी काय बोलू? गप रायली."

मला भाऊ होता हेही मला माहीत नव्हतं.

मला काय वाटलं असं तुम्ही विचाराल. काही वाटलं नाही. मी भांडी घासायला लागले. आई गेल्यापासून असंच आहे.

आता खैरुन म्हणते, ये आणि पाय लाव, तरच मी उठीन. तिच्या मुलीचं बाळंतपण त्यावर आहे. मी पाय लावला तर खोटा पाय लावल्यासारखं होईल. खरं सांगितलं तर चार वर्षांचा तिचा आधार जाईल आणि ती मोडून पडेल. मी काय करावं? तुम्ही शिकलेल्या आहात. उत्तर पाठवाल ही आशा. खैरुनला या पत्राचं कळवू नये, ही विनंती.

आपली,
हौशी


नाशिक
१८ नोव्हेंबर २००३

हौशीताई,
नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. माझ्याकडे कोण येतं आणि काय बोलतं, हे मी दुसऱ्या कोणाला लिहू शकत नाही, तुमच्या मैत्रिणीबद्दलही नाही. तुमचं पत्रही मी कोणाला दाखवणार नाही.

पाय लावावा की नाही, हे मला सांगता येत नाही. खरंच माहीत नाही. मला शिकवलं त्यात हे नव्हतं. सहा बैठकांत मी कोणाची पाठ बरी करत नाही, पाठीची भीती कमी व्हावी एवढंच बघते. तुमच्या दारातून उठून जाणाऱ्यांचंही कदाचित तेच होत असेल. किंवा नसेलही.

पण एक सांगते. माझ्यासमोर बसणारी बहुतेक माणसं एकच वाक्य बोलतात, "वाकलो तर मोडेन." तुम्ही तुमच्या मैत्रिणीबद्दल तेच लिहिलंय. खरं ऐकलं तर ती मोडेल, हे तुम्ही न बघताच ठरवून टाकलंत.

आणखी एक. पत्रात खैरुनबी आहेत, सुईण आहे, वीज आहे. आई गेली आणि भाऊ कळला, हे मात्र इतक्या थोडक्यात आहे की माझ्या डोळ्यांतून निसटलं असतं. जव्हारला आलात तर गुरुवारी माझ्याकडे या. नाव लिहायची गरज नाही.

तुमची,
दिपिका


जव्हार
२९ नोव्हेंबर २००३

हौशी,

प्रियबिय काही लिहीत नाही. ईद झाली. तुझ्या वाटणीचा शीरखुर्मा शेवटी मांजराने खाल्ला. पोलिओचे डोस काय महिनाभर चालतात? दिपिका आता एक गुरुवार आड बोलावते, तरी पाचवा झाला आणि मी हंड्याजवळ गेलेसुद्धा नाही. दिपिकाला म्हणाले, रोजे होते. तिने मान हलवली. तिला कळलं असणार.

परवा पट्टा परत बांधला.

शायस्ताशी बूथवरून बोलले. म्हणाली, "अम्मी, राहू दे ना, मी इथेच बाळंत होते, तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस?" हे ती माझ्या काळजीने म्हणाली की सुटल्यासारखी म्हणाली, मला कळलं नाही. फोन ठेवून घरी आले आणि मशीनवर बसले. वाईट वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. तू आईबद्दल लिहिलं होतंस ना, तसंच. तेव्हा मला वाटलं होतं, हौशी उगाच काहीतरी लिहिते.

माझ्यावर कशाचा राग असेल तर येऊन भांड. पण ये. सतवासा चौदा तारखेला आहे. तुझा पाय लागला नाही तर मी बसू शकणार नाही, आणि बसले नाही तर मुलगी गेली. बाई, तुला याहून स्पष्ट कसं लिहू?

खैरुन


जव्हार
१७ डिसेंबर २००३

प्रिय हौशी,

शायस्ता आत झोपली आहे. विहीणबाई काल एकट्याच भिवंडीला गेल्या.

सगळं नीट सांगते. बायका जमल्या होत्या. हिरवी ओढणी, फळांचं ताट, नारळ, सगळं मांडलं. विहीणबाई दाराजवळच्या खुर्चीत नजर रोखून बसल्या होत्या. मी खाली बसले. एकेक फळ शायस्ताच्या ओटीत घातलं. पाच मिनिटांचं काम मी मुद्दाम अर्धा तास केलं. मग ताट उचललं आणि उठले. भिंत धरली नाही, कोणाचा हात घेतला नाही. कंबरेतून कळ गेली ती टाचेपर्यंत. मी कळेला म्हटलं, जा. विहीणबाई म्हणाल्या, "बरंय, राहू दे पोरीला." एवढंच. जेवल्या मात्र भरपूर.

आता तुझं. तू पाच तारखेला आलीस. तोंड उतरलेलं, हातात पिशवी तशीच. मी चटईवर पालथी पडले आणि डोळे मिटले. लुगड्याचा काठ माझ्या पाठीला लागला. मी पायाची वाट बघत राहिले. काठ तीनदा फिरला आणि तू म्हणालीस, "झालं. ऊठ."

हौशी, माझी कंबर दुखते, कातडी मेलेली नाही. तुझ्या टाचेची भेग मला पाठ आहे. तू पाय टेकवलाच नाहीस. वरच्यावर धरलास.

मी उठले, तुझं तोंड बघितलं आणि म्हणाले, "बरं वाटलं." तू चहा न घेता एसटीला गेलीस. तू गेल्यावर मला असा संताप आला! चार वर्षांची मैत्रीण असती तर सोडून दिलं असतं, ही तर शाळेपासूनची. हिला माझ्या पाठीला पाय लावायची किळस आली? की मी लुबाडते असं वाटलं? त्या रागातच मोरीत गेले आणि भरलेला हंडा उचलून ओट्यावर ठेवला. ठेवल्यावर कळलं की उचलला. तुझा पाय न लागता. मग पट्टा काढला आणि त्याच्या कापडाची मशीन पुसायला फडकी केली.

शेवटच्या गुरुवारी दिपिकाला सगळं सांगितलं, पायासकट. तिने वही मिटून ठेवली. मग म्हणाली, "तुमच्या मैत्रिणीला विचारा, ती कशी आहे." मी कशी आहे हे विचारायचा तिला पगार मिळतो, पण तिने तुझं विचारलं. आणि मला आठवलं, तुझी आई गेल्यापासून माझ्या एकाही पत्रात मी ते विचारलेलं नाही. सगळी पत्रं कंबरेची.

दुखणं आहे. जेवढं होतं तेवढं नाही, पण आहे. आता उठताना मी त्याची परवानगी घेत नाही, इतकाच फरक.

कशी आहेस? पाय का टेकवला नाहीस? सांगवत नसेल तर नको सांगू. पण बाळंतपणाला ये आणि येशील तेव्हा पाय टेकव. पाठीसाठी नाही. चार वर्षांत मला नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी हात लावला नाही, एक तुझा पाय तेवढा लागला. त्याची आठवण येते.

तुझी
खैरुन


खोडाळा
२८ डिसेंबर २००३

प्रिय खैरुन,

किळस नाही ग. तुझ्या पाठीची मला कसली किळस?

मी पायाळू नाही. वांगणीच्या म्हाताऱ्या सुईणीने, काळीने, सांगितलं. मी डोक्याकडून आले. माझ्यामागून जुळा भाऊ आला, तो पायांकडून, आणि त्याच दिवशी गेला. आईला तो सोडवेना म्हणून तिने त्याचे पाय मला दिले. मी तुला हे लिहिलं असतं तर तू मोडून पडशील असं मला वाटलं. खोटा पाय तुझ्यावर टेकवणंही होईना. म्हणून वरच्यावर धरला. तू सतवाशाला ताट घेऊन उठलीस हे वाचलं आणि कळलं, मी तुला उगाच मोडकी समजत होते.

कशी आहेस विचारलंस. सांगते.

काल सुकऱ्या आला. आमच्याच पाड्यातला, पेंढा चढवताना पाठ धरली त्याची. नेहमीसारखा येऊन दारात पालथा पडला. मी पाय उचलला आणि तिथेच थांबले. म्हटलं, आता हे बंद करायचं. त्याला सांगितलं, "सुकऱ्या, मी पायाळू नाही. आईने खोटं सांगितलं होतं. माझा भाऊ होता पायाळू. तो जन्मला त्याच दिवशी मेला."

तो उठला नाही. मग मातीत तोंड ठेवूनच म्हणाला, "मंग भावाचा ठेव ना बाय. पाठ लय दुखतंय."

मी ठेवला. सगळा भार देऊन. त्याची पाठ गरम होती, उन्हात काम करून आलेली. आणि खैरुन, मग मला रडू आलं. आईसाठी आलं की त्या पोरासाठी, ते कळलं नाही. पाय तसाच त्याच्या पाठीवर ठेवून मी रडत राहिले. सुकऱ्या घाबरून विचारत होता, उठू का, उठू का, आणि मी त्याला म्हणत होते, थांब जरा.

तुझी
हौशी